बुटीबोरीच्या पलीकडं दालमिलसाठी 3 एकर वावर स्वस्तात मिळतंय, काय पाहून घेऊ?

भाऊ, स्वस्त का आहे ते आधी पाहा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विक्रीवर सरकारी अट असलेली जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. इसार तिथंच अडकतो. तुम्ही स्वतः शेतकरी नसाल, तर विदर्भासाठीच्या 1958 च्या कुळकायद्यातलं बंधनही वकिलाला विचारून घ्या. फेरफार, बोजा, बहिणींची नावं हे सगळेच पाहतात, त्यावर जास्त लिहीत नाही.

खरा खर्च मातीत आहे. काळी कपाशीची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात जाऊन पाहा, भेगेत अख्खा हात जातो. अशा जमिनीवर वरवर पाया घेतला की दोन-तीन पावसाळ्यांत भिंती तडकतात आणि शेडचा कोबा उचलतो. म्हणून इसाराआधी जेसीबी लावून तीन ठिकाणी खड्डे घ्या. मुरूम चार फुटांवर लागला तर ठीक. दहा फुटांवरही काळीच निघत असेल, तर पायाचा खर्च धरून पुन्हा भाव करा. भरडी, म्हणजे मुरमाड जमीन शेतकऱ्याला नकोशी, आपल्याला मात्र सोन्यासारखी.

दुसरं म्हणजे रस्ता. 'पांदण (शेतात जायची वाट) आहे ना' यावर जाऊ नका. नकाशावरची पांदण आणि जागेवरची पांदण यात फरक असतो, धुरे (बांध) सरकलेले असतात. मोजणी आणा आणि श्रावणात एकदा भरलेला ट्रक नेऊन पाहा.

विजेच्या लाइनचं म्हणाल, तर नुसते खांब दिसतात म्हणून खूश होऊ नका. ती शेतीपंपाची लाइन असेल तर तुमचा लोड तिच्यावर चालणार नाही.