फुकटचा आयफोन, पण सिम चालेना!

प्रश्न: नमस्कार. भाच्याने अमेरिकेतून आयफोन 15 पाठवलाय, तिकडच्या मोबाइल सिम देणाऱ्या कंपनीने त्याला फ्री दिला होता म्हणे. इथे बघते तर सिम टाकायला जागाच नाही, कार्डाशिवायचं ई-सिम करायला गेलं तर 'सिम नॉट सपोर्टेड' येतं. एमजी रोडला एका दुकानात दाखवला, तो म्हणतो फोन खोलून सिमचा ट्रे बसवून देतो, सात हजार होतील, मग कुठलंही सिम चालेल. देऊ का?
– एक निवृत्त शिक्षिका, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, अजिबात देऊ नका. दुकानदार दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतोय. ट्रे नाही कारण 2022 च्या आयफोन 14 पासून अमेरिकेतले आयफोन नुसत्या ई-सिमवर चालतात, तो बिघाड नाहीये, आणि आपल्याकडे जिओ, एअरटेल, व्हीआय सगळेच ई-सिम देतात. तुमचं अडलंय ते लॉकमुळे, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम चालू न देणाऱ्या बंधनामुळे. सेटिंग्समध्ये जनरल, त्यात अबाउट उघडा आणि खाली 'कॅरियर लॉक' शोधा, तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं नसेल तर फोन भाच्याच्या कंपनीला बांधलेला आहे, मग एक सोडून दोन ट्रे बसवा, इथलं सिम तो घेणार नाही. उलट फोन खोलल्यावर पाणी आत जाऊ नये म्हणून असलेलं सील जाईल ते वेगळंच.

आता ते 'फ्री'. याचा मला मनापासून राग येतो. फोनची पूर्ण किंमत 24 किंवा 36 महिन्यांच्या हप्त्यांत लावतात आणि दर महिन्याच्या बिलात तेवढीच सूट देतात, मध्येच कंपनी सोडली की सूट बंद आणि उरलेले पैसे आपल्या माथी, आणि हप्ते फिटेपर्यंत बहुतेक कंपन्या लॉक काढत नाहीत. म्हणजे फोन हातात आहे, पण अजून आपला नाही! जाहिरातीत फ्री भलंमोठं आणि हे सगळं खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, माणूस फसणार नाही तर काय होईल? ब्रिटनने डिसेंबर 2021 पासून कंपन्यांना लॉक केलेले फोन विकायलाच बंदी घातली. अमेरिकेत 2014 चा कायदा आहे, पण तो अनलॉक करायची मुभा देतो, लॉक घालायला मनाई करत नाही. आपल्याकडे लॉकचा त्रास फारसा नाही.

लॉक काढू शकते फक्त ती तिकडची कंपनी. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, पाठवा, घरबसल्या अनलॉक करून देतो म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका. भाच्याला त्याच्या अकाउंटवर किती हप्ते बाकी आहेत ते बघायला सांगा, आणि एकदम भरले तर उरलेली सूट जाते का हे आधी विचारू दे, बऱ्याच ठिकाणी जाते. पैसे फिटले की अनलॉकची रिक्वेस्ट त्यानेच टाकायची, ती मंजूर झाली की फोन वायफायला जोडा आणि अबाउटमधली ती ओळ बदलली की मगच ई-सिम घ्या. बाकी रक्कम फार निघाली तर तोवर घरच्या वायफायवर व्हिडिओ कॉलला, फोटोंना वापरा, त्याला सिम लागत नाही.