गरोदरपणात बीपी वाढलंय? मग हे वाच

अगं, कार्डावर 'हाय रिस्क' लिहिलं म्हणजे वाईट होणारच असं नाही. तुझ्यावर लक्ष जास्त ठेवणार, एवढंच. घरी बीपीचं मशीन घे. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून मोज, वहीत लिही. १४०/९० किंवा वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. १६०/११० दिसलं, डोकं फार ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगडीखाली दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट बघू नकोस, १०८ लाव. मीठ तोडायला सांगणाऱ्या मावश्या ढीगभर भेटतील. त्या काहीही सांगोत, तू डॉक्टरांनी दिलेली बीपीची गोळी तेवढी मनानं बंद करू नकोस. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. बाळंतपणानंतरही मोजत राहा, पहिल्या आठवड्यात बीपी पुन्हा चढू शकतं.