कोल्हापुरात राहून ब्लूजची गोडी कशी लागेल?

रॉक आवडतं, पण ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ज्या संगीतातून रॉक आलं त्याची, सगळी गाणी एकसारखीच वाटतात आणि कोल्हापुरात तो प्रत्यक्ष ऐकायचा कुठे, असं तुम्ही विचारलंय. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटायचं.

सारखी वाटतात, कारण बऱ्याच गाण्यांचा साचा खरंच एक आहे. चार-चार मात्रांचे १२ खण. बोटांवर मोजून बघा: पहिले चार सा वर, मग दोन म वर, दोन पुन्हा सा वर, नववा प, दहावा म आणि शेवटचे दोन परत सा वर. शब्दांचंही तसंच. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. हे मोजता आलं की साचा मागे पडतो आणि त्यात कोण काय करतंय ते ऐकू येतं. गायकाची ओळ संपली की गिटार जबाब देते. शाहिराच्या मागून झीलकऱ्यांचं 'जी जी रं जी' ऐकत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

राजारामपुरीत मित्राच्या गाळ्यावरच्या खोलीत आम्ही चौघं रविवारी वाजवतो. शेजारचे काका भजनी मंडळात पेटी वाजवतात. एकदा ते पेटी घेऊनच वर आले. मित्र गिटारची तार ओढून जो सूर लावत होता, तो त्यांना पेटीवर सापडेना. कोमल गंधार दाबला की खाली पडायचा, शुद्ध दाबला की वर जायचा. बराच वेळ शोधून म्हणाले, "पोरांनो, हा दोन पट्ट्यांच्या मधला हाय. गळ्यातला सूर हाय ह्यो." ब्लू नोट म्हणतात ती हीच! जोग रागात दोन्ही गंधार येतात, म्हणून ही ओढ आपल्याला परकी नाही. ब्लूजवाला त्या दोघांच्या मधल्या जागेत रेंगाळतो, एवढंच. त्या दिवसापासून मी ब्लूज या एका सुरासाठी ऐकतो.

ऐकायला सुरुवात बी. बी. किंगपासून करा. ते गात असताना त्यांची गिटार गप्प असते, गिटार बोलते तेव्हा ते गप्प, त्यामुळे सवाल-जबाब स्वच्छ कळतो. मग मडी वॉटर्स. ते १९४३ साली मिसिसिपी सोडून शिकागोला गेले, आणि तिथल्या क्लबांच्या गोंगाटात आवाज पोचावा म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. रॉबर्ट जॉन्सन शेवटी ठेवा. १९३६-३७ मधली ती ध्वनिमुद्रणं खरखरीत आहेत, कान तयार झाल्याशिवाय आत शिरू देत नाहीत. आजचं हवं असेल तर शिलाँगचा 'सोलमेट' बँड: रूडी वालांग यांची गिटार आणि टिप्रिती खारबंगार यांचा आवाज.

प्रत्यक्ष ऐकायचं तर मुंबईचा महिंद्रा ब्लूज महोत्सव गाठा. तो २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत सुरू झाला, फेब्रुवारीत असतो. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबईत. कोल्हापुरातल्या कॅफेत पोरं गिटार घेऊन बसतात, तेव्हा त्यांना संथ लयीत १२ खणांचं काहीतरी वाजवा म्हणून सांगा. आनंदानं वाजवतात, सहसा कुणी मागतच नाही. आणि गप्प बसून ऐकू नका. देवल क्लबातल्या मैफिलीत चांगली जागा आली की आपसूक 'वाह' निघते ना? तशीच मोकळी दाद द्या. ती मिळाली की वाजवणारा पुढचा सूर आणखी ओढून धरतो.