इंदूरच्या सराफ्यात तुझ्या सिनेमाचं शूटिंग करायचंय म्हणतोस?

करशील रे, पण आधी तुझ्यातल्या निर्मात्याला जागं कर. लिहिणार तूच, पैसे घालणार तूच. मग ‘रात्री सराफा, तुडुंब गर्दी’ हे एक वाक्य केवढ्याला पडेल, तेही तूच बघायचंस. सोन्याचांदीची दुकानं मिटली की तिथे खाऊगल्ली भरते. कढयांचा चर्र आवाज, हॉर्न, ‘हटो भिया!’... त्यात संवाद बुडालाच म्हणून समज. चित्र थोडं कमी-जास्त असलं तर प्रेक्षक चालवून घेतो, आवाज खराब असला की उठतो. तेव्हा भारी कॅमेऱ्याचा सोस सोड, चांगला साउंड रेकॉर्डिस्ट धर. संवाद एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर घे. सराफ्याची नुसती दृश्यं आण आणि तिथला निव्वळ आवाज दोन-चार मिनिटं वेगळा टिपून ठेव.

युनिटच्या जेवणात मात्र काटकसर नको. इंदूरची माणसं मानधन विसरतील, पोहे नाही!

कागदांचा कंटाळा करू नकोस. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा सभासद होऊन पटकथा नोंदव. नाटकातली मित्रमंडळी फुकट काम करतील, तरी संमतिपत्रावर सही घेच. सिनेमा थिएटरात लावायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतंच. तो खर्च आत्ताच बजेटमध्ये धर.