वाचकांचे प्रश्न : फी, उत्तरपत्रिका आणि कुलूपबंद शोधनिबंध

प्रश्न : मुलीला कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून कोल्हापुरात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. कॉलेज म्हणतं, आधी पूर्ण फी भरा, शासनाकडून आली की परत करू. काय करावं?
— एक पालक, गारगोटी

उत्तर : माफ असलेला भाग भरू नका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ केलं आहे. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. विनाअनुदानित कॉलेजांनाही हे लागू आहे. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं मात्र यात नाहीत.

काउंटरवर वाद घालण्यात दिवस घालवू नका. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा, फीची बाबवार फोड लेखी मागा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. फोड यासाठी, की विकास शुल्क, वसतिगृह, बस हे माफीत येत नाही, आणि एकच ठोक आकडा सांगितला की माफ काय नि भरायचं काय ते कळत नाही. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजची मंजूर फी असते, ती ताडून बघा. तरीही अडवलं, तर पोच जोडून तंत्रशिक्षणाच्या पुणे विभागीय सहसंचालकांकडे तक्रार करा. (बीए, बीएस्सीसाठी उच्च शिक्षणाचे सहसंचालक कोल्हापुरातच आहेत.)

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज लगेच भरा. तो अडकतो तो बहुतेक तीन ठिकाणी. पहिलं, नाव: दाखला, आधार आणि बारावीची गुणपत्रिका यांत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगवेगळं असतं. दुसरं, बँक: केवायसीला आधार दिलं म्हणजे डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, खातं जोडलं गेलं असं नाही. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, तिथे दिसेल त्याच खात्यात पैसे येतात. तिसरं, कॉलेजचं टेबल: अर्ज तिथे छाननीत पडून राहतो, किंवा त्रुटी काढून परत येतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करा. नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र हाताशी ठेवा. पुढच्या वर्षी नूतनीकरण विसरू नका.

आणि राहण्याचं काय? शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, कारण खेड्यातलं पोर शहरात राहिलं तरच शिकणार होतं. आजही नुसत्या फीमाफीने खोलीभाडं आणि मेस भागत नाही. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिचा अर्ज आणि अटी वेगळ्या आहेत, आधी वाचून घ्या.

प्रश्न : एका पेपरात अनपेक्षित कमी गुण पडले. उत्तरपत्रिका बघायला मिळते का?
— एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : मिळते, तो तुमचा हक्क आहे. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्यातली ‘माहिती’च आहे आणि परीक्षार्थीला ती मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. पण आधी विद्यापीठाची वाट धरा: निकालानंतर ठरलेल्या दिवसांत छायांकित प्रतीचा अर्ज, मग पुनर्मूल्यांकन. ही मुदत चुकली तर माहिती अधिकारात प्रत मिळेल, गुण बदलायची संधी मात्र गेलेली असेल.

माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून द्यायचा. उत्तराला ३० दिवस, नंतर ३० दिवसांत पहिलं अपील. नुसती प्रत मागू नका, गुणदानाची योजना आणि आदर्श उत्तरंही मागा, नाहीतर गुण कशामुळे गेले ते उमगत नाही. परीक्षकाचं नाव मिळणार नाही, तेही योग्यच. खरं तर गुणदानाची योजना प्रत्येक विद्यापीठाने निकालाबरोबर आपणहून जाहीर करायला हवी; त्यासाठी मुलांना अर्ज करावे लागू नयेत.

प्रश्न : आमचं कॉलेज खासगी विनाअनुदानित. संशोधनासाठी लागणारे लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत.
— एक प्राध्यापक, इचलकरंजी

उत्तर : संशोधन नियतकालिकं संस्थांना वाचायला देणारं केंद्र सरकारचं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं, पण ते सरकारी संस्थांपुरतं. खासगी कॉलेजांतली एवढी मुलं बाहेर ठेवणं आम्हाला मुळीच पटत नाही. हे बदलेपर्यंत लेखाचं शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गुगल स्कॉलरवर शोधा आणि ‘ऑल व्हर्जन्स’ उघडा. लेखकाने ठेवलेली मोफत प्रत पुष्कळदा तिथे सापडते. ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरचं जोडसाधन तेच काम आपोआप करतं. नाहीच मिळालं, तर लेखकाला दोन ओळींची ईमेल करा. भारतीय विद्यापीठांतले पीएचडी प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर खुले आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात बाहेरच्या वाचकांना काय बघता येतं, तेही विचारून घ्या.

स्वतःचा लेख छापताना करार नीट वाचा. स्वीकृत हस्तलिखित (छपाईला मान्य झालेला, पण प्रकाशकाने न मांडलेला मजकूर) खुलं ठेवायची मुभा बरेच प्रकाशक देतात, काही १२ ते २४ महिन्यांनंतर. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकापासून दूर राहा. नाव ‘डोआज’च्या (DOAJ, तपासलेल्या खुल्या नियतकालिकांची सूची) यादीत आहे का, हे लेख पाठवण्याआधी तपासा.