बॅरल लवकर का जाते: पुंगळी, पावडर आणि खांद्याचा कोन

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. .२४३ विंचेस्टर या काडतुसाच्या रायफलची बॅरल (नळी) .३०८ विंचेस्टरच्या मानाने इतक्या लवकर का जाते म्हणजे झिजते, आणि जास्त तीव्र कोनाच्या खांद्याची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच; खांदा म्हणजे ते जिथे मानेकडे निमुळतं होतं तो भाग) घेतली तर बॅरलचं आयुष्य वाढतं का. पहिल्याचं उत्तर ठाम देता येतं, दुसऱ्याचं तितकं नाही. म्हणून पहिल्यावरच जास्त लिहितो.

.२४३ (१९५५) म्हणजे .३०८ (१९५२) चीच पुंगळी, फक्त मान (गोळी धरणारा पुढचा भाग) आवळून ६ मिमी गोळीसाठी अरुंद केलेली. आत पावडर (बंदुकीची दारू) जवळजवळ तेवढीच मावते. पण .३०८ इंच व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.०७४५ चौरस इंच येतं आणि .२४३ चं ०.०४६४. म्हणजे जवळपास तेवढाच वायू ६२ टक्के वाटेतून काढायचा. दाबावर खापर फोडता येत नाही, कारण सामी या अमेरिकी मानक संस्थेच्या मानकात .३०८ ची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे आणि .२४३ ची ६०,०००. दाब थोडा कमी असूनही .२४३ ची बॅरल आधी जाते. एवढ्यावरून मुख्य गुन्हेगार कळतो: नळीच्या छेदाच्या मानाने जळणारी पावडर.

नेमकं होतं काय? पावडरच्या ज्वाळेचं तापमान पोलाद वितळण्याच्या तापमानाच्या कितीतरी वर असतं. पोलाद टिकतं ते केवळ वेळ कमी असल्यामुळे. गोळी नळीत साधारण एक सहस्रांश सेकंदच असते, म्हणजे तीन हजार फैरींचा हिशेब जेमतेम तीन-चार सेकंदांचा! त्या क्षणात पृष्ठभागाचा अगदी पातळ थर भयंकर तापतो आणि लगेच निवतो. वायूतला कार्बन व नायट्रोजन त्यात मुरतो, थर कठीण आणि ठिसूळ होतो, भेगांचं जाळं पडतं. पुढच्या प्रत्येक फैरीचा वायू आणि न जळलेले दाणे त्या भेगांच्या कडा खरवडत जातात. हे सगळं चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे, थ्रोटमध्ये म्हणजे नळीच्या सुरुवातीला होतं. बोअरस्कोप (नळीच्या आत पाहण्याचं उपकरण) घातला की तिथे सुकलेल्या तळ्याच्या तळासारखं दिसतं, आणि त्याच बॅरलचा पुढचा बहुतेक भाग बऱ्याचदा चांगल्या अवस्थेत असतो.

कोणतंही काडतूस निवडताना एक सोपा हिशेब करा. पुंगळीत मावणारं पाणी ग्रेनमध्ये (वजनाचं एक लहान एकक) घ्या आणि त्याला नळीच्या छेदाच्या चौरस इंचांतल्या क्षेत्रफळाने भागा. .३०८ चा आकडा साडेसातशेच्या आसपास येतो. गंमत म्हणजे .२२३ रेमिंग्टन कितीतरी लहान असूनही जवळपास तिथेच येतं, आणि दोन्ही बॅरल टिकवण्यासाठी नावाजलेली आहेत. ६.५ क्रीडमूर साडेनऊशेच्या जवळ, .२४३ साडेअकराशेच्या पुढे, आणि .२६४ विंचेस्टर मॅग्नम थेट पंधराशेच्या घरात. स्पर्धेच्या अचूकतेच्या कसोटीवर बॅरलचं आयुष्य .३०८ चं पाच हजार फैरींच्या आसपास, क्रीडमूर दोन ते तीन हजार, .२४३ साधारण दीड हजार, आणि .२६४ मॅग्नम हजारच्या आगेमागे, असा नेमबाजांचा सर्वसाधारण अनुभव. ही हमी नव्हे. शिकारीपुरती अचूकता हवी असेल तर तीच बॅरल आणखी बराच काळ चालते.

आता खांदा. .३०८ आणि .२४३ चा खांदा २० अंशांचा, क्रीडमूरचा ३०, आक्ली इम्प्रूव्हडचा (जुन्या पुंगळीचा खांदा तीव्र करून बनवलेल्या प्रकाराचा) ४०. मांडणी अशी की खांद्याच्या रेषा पुढे वाढवल्या आणि त्या मानेच्या आतच मिळाल्या, तर वायू आणि दाण्यांचा मारा पितळेवर पडतो, थ्रोटवर नाही. .२४३ ची मान आखूड आहे, त्यामुळे तिच्याकडे बोट दाखवलं जातं. तर्क मला पटण्यासारखा वाटतो, पण त्यावर पैसे लावू नका. ६ मिमी बीआरसारखी ३० अंशांची काडतुसं टिकतात, पण त्यांत पावडरही बरीच कमी असते, मग श्रेय कोनाला कसं द्यायचं? उलट जुनी पुंगळी ४० अंशांची करून घेतली की क्षमता थोडी वाढते. ती जागा भरून वेग काढला, तर बॅरलला दिलासा मिळण्याचं काही कारणच उरत नाही.

कोनापेक्षा तुमच्या हातात असलेल्या दोन गोष्टी मोठ्या आहेत. एक, फैरींची गती. नळी हाताला चटका देण्याइतकी तापलेली असताना लागोपाठ दहा-बारा फैरी झाडणं म्हणजे थ्रोटला थंड व्हायला वावच न देणं. .२४३ घेऊन वेळेच्या बंधनातल्या स्पर्धा खेळणार असाल तर हे टाळता येत नाही, आणि म्हणूनच तुम्हाला मी क्रीडमूर सुचवेन. दुसरी गोष्ट गोळीचा वेग. कमाल मर्यादेपासून थोडं खाली राहिलं तर शेवटच्या काही फूट प्रति सेकंदांसाठी मोजावी लागणारी किंमत वाचते. नायट्रोग्लिसरीन असलेल्या डबल-बेस पावडरी सहसा जास्त गरम जळतात, हेही निवडताना ध्यानात घ्या.

नवी बॅरल आली की पहिल्याच दिवशी गोळी रायफलिंगला (नळीतल्या पिळदार खाचांना) कुठे टेकते ते गेजने मोजून लिहून ठेवा आणि दर दोन-तीनशे फैरींनी पुन्हा मोजा. थ्रोट पुढे सरकणं अपेक्षितच आहे, घाबरू नका. पावडरच्या त्याच भारावर वेग घसरू लागला आणि गोळी पुंगळीत मागेपुढे बसवूनही ग्रुप (लक्ष्यावरच्या गोळ्यांचा पुंजका) सावरेना, तर वेळ आली समजा. बॅरल जाड आणि पुरेशी लांब असेल तर मागचा भाग कापून नवीन चेंबर करता येतं. पण भेगा खूप पुढपर्यंत गेल्या असतील तर त्या खर्चात नवीच घ्या.