ऊन पाहून फसू नकोस

बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "होईल गं मावशी सवय." तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून लिहायला बसले. सोलापूरचा उन्हाळा काढलास, तशी इथली, कॅनडातल्या विनिपेगची थंडीही काढशील असं तुला वाटतं. पण ही थंडी सोसायची नसते गं. नीट कपडे चढवायचे, मगच दार उघडायचं.

जानेवारीत उतरशील तेव्हा खिडकीबाहेर लख्ख ऊन असेल, आभाळ निळंशार. आपल्या मनाला वाटतं, आज ऊब असणार. इथे नेमके असेच दिवस सगळ्यात गार असतात. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी. रात्री ती नसली की ऊब निघून जाते आणि पारा उणे 30पर्यंत घसरतो. म्हणून निघण्याआधी 'विंड चिल'चा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा आकडा बघ. तो उणे 28च्या खाली गेला की उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, उणे 40च्या खाली 5 ते 10 मिनिटांतच.

पहिल्या वर्षी मी कान उघडे ठेवून बसची वाट बघत उभी राहिले. आधी कान झोंबले, मग झोंबायचे थांबले. मला वाटलं, बरं वाटतंय. घरी आरशात पाहिलं तर कानाची पाळी मेणासारखी पांढरी. झोंबणं थांबलं की लगेच आत शिरायचं, आणि ती जागा अजिबात चोळायची नाही, एवढं लक्षात ठेव.

अंगालगत सुती घालू नकोस, ते घामाने भिजतं आणि गारठवतं. लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल घे. चार बोटं एकत्र राहणारे हातमोजे जास्त ऊब देतात. बूट जरा सैल हवेत, घट्ट बुटात पाय लवकर गार पडतात. घरात हीटरमुळे हवा कोरडी ठक्क होते. ओठ फुटतात, नाकातून रक्तही येतं. व्हॅसलीन हाताशी ठेव.

खरी काळजी मला अंधाराची वाटते. डिसेंबरअखेर दिवस जेमतेम 8 तासांचा, साडेचारला सूर्य मावळतो. नंतरही बरेच आठवडे संध्याकाळ लवकरच होते. उगाच रडू येईल, झोप संपणार नाही. स्वतःला आळशी म्हणू नकोस. दुपारी अर्धा तास उजेडात चालून ये, आणि तरीही आठवडा-दोन आठवडे मन उठलं नाही तर डॉक्टरांकडे जाऊ. मी येईन सोबत.

कोट तिथून आणू नकोस. तुझं माप कळव, मी विमानतळावर घेऊन येते. मी दिसेपर्यंत दाराबाहेर पडू नकोस. कानटोपी मात्र आईकडून विणून आण.

तुझी,
मावशी